हिरवा खडू, पांढरा खडू

लोकलायझरची, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा दाखवणारी, सुई अगदी मधोमध होती. धावपट्टीच्या पातळीपेक्षा दोन हजार फूट वर, वेग ९० नॉट, ऑटोपायलट लावलेला. डोळ्यांवर हूड असल्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं, समोरचा स्क्रीन एवढंच माझं आकाश. ग्लाइड स्लोपचा, म्हणजे खाली उतरण्याच्या वाटेचा, छोटा हिरवा चौकोन वरून हळूहळू खाली सरकत होता. तो मध्यावर आला की विमान आपणहून नाक खाली घेणार आणि मी पॉवर कमी करायची, एवढंच काम उरलं होतं.

चौकोन मध्यावर आला. विमान सरळच चाललं. चौकोन मध्याच्या खाली गेला. मला वाटलं, आता घेईल, थोडा उशीर होत असेल. शेजारी बसलेल्या माझ्या इन्स्ट्रक्टर मॅडम जवळजवळ पाऊण मिनिट एक शब्द बोलल्या नाहीत. चौकोन तळाला टेकला तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "गो-अराउंड." म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

आमच्या सेस्ना १७२ मध्ये गो-अराउंडचं बटण दाबलं की ऑटोपायलट सुटतो आणि विमान हातानेच वर न्यावं लागतं. ते मी नीट केलं. पूर्ण पॉवर, नाक वर, वेग आला तसे फ्लॅप्स आत. खाली उतरल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "चौकोन खाली जात होता तेव्हा वरच्या पट्टीवर काय लिहिलं होतं?"

मला सांगता आलं नाही. मी त्या पट्टीकडे पाहिलंच नव्हतं. मी सुईकडे पाहत होते.

हे मे महिन्यातलं. उत्तर महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये माझं कमर्शियल लायसन्सचं प्रशिक्षण चालू आहे. त्यातला इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा भाग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. ढगात, धुक्यात, बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान नेणं म्हणजे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग. डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, नियमाप्रमाणे त्यासाठी ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो आणि त्यातले जास्तीत जास्त २० तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. सुरुवातीचे तास मी सगळे हाताने उडवले होते आणि ते बरे जमत होते. म्हणून ऑटोपायलट हा मला सोपा धडा वाटला होता. हाताचं काम यंत्र करणार, मग त्यात शिकायचं ते काय? असा विचार माझ्या बॅचमध्ये बहुतेक सगळ्यांचाच होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. ढग खाली आले की आमच्या शाळेतली विमानं दिवसेंदिवस हँगरमध्ये उभी राहतात. मी नाशिकला घरी आले, इंदिरानगरला. लॅपटॉपवर सिम्युलेटर टाकला, साधी जॉयस्टिक आणली आणि ओझर ते मुंबई असा मार्ग आखून रोज संध्याकाळी बसू लागले. घरचा लॅपटॉप डीजीसीएच्या तासांत धरला जात नाही, पण मला तास नको होते, मला ती पाऊण मिनिटं समजून घ्यायची होती.

खालच्या मजल्यावरचे काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून, निवृत्त झालेत. १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी तो कारखाना उभा राहिला. काका त्यात बरेच नंतर लागले, पण सगळी नोकरी विमानांच्या उपकरणांवरच गेली. एके दिवशी ते वर आले ते आईकडे दळणाच्या डब्याची चौकशी करायला, आणि थांबले माझ्या खुर्चीमागे. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू बटणं दाबतेस ते ठीक आहे. पण त्याने ऐकलं की नाही ते कुठे बघतेस?"

"म्हणजे काय काका?"

"मला विमान उडवता येत नाही. पण ऑटोपायलट मी उघडून बघितलेत. बटण दाबलं म्हणजे तू अर्ज दिलास. मंजूर झाला का, ते वेगळं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाची जुनी पाटी आणली आणि खडूच्या पेटीतून एक हिरवा आणि एक पांढरा खडू. पाटीवर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले.

जी-१००० नावाचा जो स्क्रीन आमच्या विमानात आहे, त्याच्या माथ्यावर एक काळी पट्टी असते. डावीकडे विमान कुठल्या दिशेला जातंय त्याचा मोड, मध्ये ऑटोपायलट लागला आहे की नाही, उजवीकडे वर-खालीचा मोड. जे हिरव्या अक्षरांत ते आत्ता चालू आहे. जे पांढऱ्या अक्षरांत ते तयार आहे, पण अजून सुरू झालेलं नाही. विमान ज्या क्षणी लोकलायझर पकडतं त्या क्षणी पांढरं 'लॉक' हिरवं होतं. 'लॉक' म्हणजे लोकलायझर, 'जीएस' म्हणजे ग्लाइड स्लोप. बस, एवढीच लिपी. पण माझ्यासारख्या विद्यार्थ्याचे डोळे तिथे जात नाहीत, कारण सुया हलतात, नकाशा सरकतो, रेडिओ बोलत असतो, आणि ती पट्टी मात्र गप्प असते.

काकांचा नियम असा: मोड बदलला की मी मोठ्याने म्हणायचं आणि पाटीवर त्याच रंगाने लिहायचं. पुढचं लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. "हेडिंग हिरवं. उंची धरली, हिरवी. लॉक पांढरं. जीएस पांढरं." पहिले चार-पाच दिवस मी पार गोंधळून जायचे, कारण लिहिता लिहिता विमान पुढे निघून जायचं. सिम्युलेटर थांबवायचा नाही, हाही नियमच होता.

ओझर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ८५ नॉटिकल मैल, दिशा साधारण २२४ अंश. आमच्या विमानाला पाऊण तास. इतक्या अंतरात सह्याद्री ओलांडायचा, खाली यायचं, शहराच्या पूर्वेला जायचं आणि ठाण्याच्या खाडीवरून २७ नंबरच्या धावपट्टीच्या रेषेत शिरायचं. खऱ्या आयुष्यात एवढ्याशा सेस्नाला मुंबईत असं सरावासाठी कोण येऊ देणार! पण शिकायला हा मार्ग उत्तम, कारण त्यात सगळंच येतं.

पहिला धडा हेडिंग आणि नॅव्ह यांच्यातला. हेडिंग मोडमध्ये विमान नाकाची दिशा धरतं, वाऱ्याचा विचार करत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा असतो. मी २२४ वर हेडिंग लावून निवांत बसले, तर वीस मिनिटांत मार्गाच्या बरीच डावीकडे, पूर्वेला ढकलली गेले. नॅव्ह मोड मात्र मार्गाची रेषा धरतो. वारा उजवीकडून असेल तर नाक आपणहून उजवीकडे वळवून ठेवतो. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. हेडिंगचं बटण दाबण्याआधी हेडिंगची खूण कुठे आहे ते बघायलाच हवं. ती आधीच्या कुठल्यातरी दिशेवर विसरलेली असेल तर बटण दाबताच विमान तिकडे वळायला लागतं. खूण सारखी करून मगच बटण, ही सवय हाताला लागायला मला आठवडा गेला.

दुसरा धडा उंचीचा, आणि त्यावर काका फार कडक होते. आमच्या ऑटोपायलटमध्ये आधी हवी ती उंची नॉबने निवडायची आणि मग खाली जाण्याचा वेग द्यायचा. निवडलेली उंची आली की विमान आपोआप सरळ होतं. पण समजा वरची उंची निवडलेली तशीच राहिली आणि मी खाली जाण्याचा वेग दिला, तर विमान खाली जातच राहतं. निवडलेली उंची मागे पडलेली असते, त्यामुळे त्याला थांबवणारं काही नसतं. सिम्युलेटरमध्ये मी हे इगतपुरीच्या अलीकडे करून बसले. ६,५०० वरून निघाले आणि ५,००० च्या खाली गेले तरी माझं लक्ष रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर.

काकांनी जॉयस्टिकवरचा माझा हात धरला. "डावीकडे काय आहे?"

"कळसूबाई."

"किती?"

१,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला बागलाणात साल्हेर, १,५६७ मीटर. पायथ्याशी उभं राहून बघताना हे डोंगर उंच वाटतात, पण साडेसहा हजारांवरून जाणाऱ्या विमानाच्या हिशेबात ते हजार-पंधराशे फुटांवर आहेत. मिनिटाला पाचशे फुटांनी उतरणारं विमान ते अंतर दोन-तीन मिनिटांत संपवतं. शाळेच्या सहलीत मी कळसूबाई चढले आहे, वरच्या लोखंडी शिड्या धरून. त्या संध्याकाळी नकाशावरचा तो आकडा पहिल्यांदाच माझ्या अंगावर आला.

त्या दिवशी काकांनी बेंगळुरूची गोष्ट सांगितली. १४ फेब्रुवारी १९९०, मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२०. भरदिवसा, स्वच्छ हवेत ते धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं आयडलवर आणि वेग मात्र कमी होत चाललेला. लक्षात येऊन पॉवर दिली तोवर उशीर झाला होता. चौकशीत एक शक्यता अशी मांडली गेली की खाली जाण्याच्या वेगाच्या नॉबऐवजी शेजारचा उंचीचा नॉब फिरवला गेला असावा. त्या काळी बेंगळुरूचा विमानतळ एचएएलचाच होता. "आमच्या कंपनीचा विमानतळ," काका म्हणाले, "दुसऱ्या दिवशी ओझरला कोणी नीट जेवलं नाही." मग बराच वेळ ते पाटी पुसत बसले, पाटी स्वच्छ झाल्यावरही.

तेव्हापासून नॉबला हात लावण्याआधी मी त्याचं नाव उच्चारते. अजूनही.

तिसरी गोष्ट पॉवरची. मोठ्या विमानांत थ्रॉटलही यंत्र सांभाळतं, आमच्या सेस्नात नाही. खाली येताना पॉवर कमी केलेली असते. निवडलेली उंची येते, ऑटोपायलट विमान सरळ करतो आणि उंची धरून ठेवतो. पण पॉवर वाढवायची ती मी. मी विसरले तर ऑटोपायलट उंची राखण्यासाठी नाक वर, अजून वर घेत राहतो आणि वेग ९०, ८५, ८० असा गळत जातो. तो इमानदारीने उंचीच सांभाळत असतो, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं आहे. म्हणून 'उंची हिरवी' म्हटलं की त्याच श्वासात 'पॉवर' म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. आता माझ्या तोंडून ते एकच शब्द असल्यासारखं निघतं.

काकांना यंत्राच्या आतलं सांगायला आवडायचं आणि मला ऐकायला. विमान किती कललंय ते सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर ठरवतो, छोटी सर्वो मोटर केबल ओढते. त्या मोटरीला क्लच असतो, म्हणजे वेळ आली तर माणसाने योक, म्हणजे विमानाचं हँडल, जोराने ओढला की क्लच घसरतो आणि माणसाचं चालतं. उड्डाणाआधी आम्ही हेच तपासतो. ऑटोपायलट लावायचा, योक दाबून बघायचा की त्याला हरवता येतं का, आणि मग लाल बटण दाबून तो सुटतो का आणि सुटल्याचा आवाज येतो का. मे महिन्यात मी ही तपासणी यादीतली एक ओळ म्हणून उरकायचे.

१९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने दोन्ही हात वर करून विमान नेलं, आणि त्याचा मेकॅनिक चालत पंखावर गेला तरी जायरोने विमान सरळ ठेवलं, हेही काकांकडूनच कळलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं होत होती. माणसाला उडता आलं आणि लगेच हात सोडून उडावंसं वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आयएलएस, म्हणजे रेडिओच्या खुणांवर विमान धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझरचा अँटेना असतो. तो दोन स्वर सोडतो. उतरायला येणाऱ्या वैमानिकाच्या डावीकडे ९० हर्ट्झचा स्वर जोरात, उजवीकडे १५० चा. दोन्ही सारखे झाले की तुम्ही धावपट्टीच्या रेषेत. काका म्हणाले, भाजीवाल्याचा तराजू, दोन्ही पारडी समान. ग्लाइड स्लोपही तसाच, फक्त आडवा. वर ९०, खाली १५०, आणि मधली वाट साधारण तीन अंशांची. तीन अंश म्हणजे प्रत्येक नॉटिकल मैलाला सुमारे ३१८ फूट. ९० नॉट वेगाला मिनिटाला ४५० ते ५०० फूट खाली. हे आकडे पाठ असले की यंत्र बरोबर उतरतंय की नाही ते त्याच्याकडे न बघताही कळतं.

ही वाट खालूनच पकडायची असते. खऱ्या तीन अंशांच्या वर, नऊ अंशांच्या आसपास, खोटा ग्लाइड स्लोपही असतो. वरून खाली यायला गेलं की तो सापडण्याचा धोका. मे महिन्यात चौकोन तळाला गेल्यावर मॅडमनी मला त्याच्या मागे खाली धावू दिलं नाही, गो-अराउंड करायला लावलं, त्याचं एक कारण हे. माझा हात खाली जाण्याच्या वेगाकडे गेलाच होता.

आणि मग ती पाऊण मिनिटं सापडली. ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी. खाडीच्या पूर्वेला लोकलायझर पकडला होता, पाटीवर 'लॉक' हिरवं, 'जीएस' पांढरं. मला शंका आली की रेषा बरोबर आहे ना, म्हणून मी सीडीआयचं, म्हणजे सुईचा स्रोत बदलणारं, बटण दाबत जीपीएसवर गेले, गुलाबी सुई बघितली, तीही मधोमध, आणि पुन्हा दाबत लोकलायझरवर परत आले. हिरवी सुई मधोमध. सगळं जसंच्या तसं.

"लिही," काका म्हणाले.

मी खडू उचलला आणि पट्टीकडे पाहिलं. 'लॉक' नव्हतंच. तिथे 'रोल' होतं. 'जीएस' गेलेलं. उजवीकडे फक्त 'उंची'.

मे महिन्यात मी हेच केलं होतं. तीच शंका, तीच बटणं. आमच्या ऑटोपायलटमध्ये मार्ग धरलेला असताना सुईचा स्रोत बदलला की तो मार्ग सोडून देतो आणि रोल मोडमध्ये जातो, म्हणजे फक्त पंख सरळ ठेवतो. स्रोत परत आणला तरी मोड परत येत नाही. ॲप्रोचचं, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याच्या मोडचं, बटण पुन्हा दाबावं लागतं. आणि यातली खरी फसवी गोष्ट ही की त्या क्षणी विमान बरोबर रेषेतच असतं, वाऱ्यासाठी जेवढं नाक वळवायला हवं तेवढंच वळलेलं असतं. त्यामुळे सुई बराच वेळ मधोमध राहते. सुईवरून वाटतं, विमान लोकलायझरवर चाललंय. खरं तर ते कुठेच चाललेलं नसतं, नुसतं सरळ जात असतं. त्याला खाली उतरायचं आहे हे कोणी सांगितलेलंच नाही.

मी उठून खिडकीशी गेले. खाली पावसात मुलं सायकल चालवत होती. तीन महिने मी स्वतःला सांगत होते की ऑटोपायलट बिघडला असेल, सिग्नल कमी असेल. काकांनी पाटीवर हिरव्या खडूने 'रोल' लिहिलं आणि तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. ती पाटी आठवडाभर तशीच होती, आईने केर काढतानाही हलवली नाही.

माझ्या बॅचमधल्या काही जणांचं मत असं की शिकताना ऑटोपायलटला हातच लावू नये, त्याने हात बिघडतो. मला आता हे पटत नाही. ढगात एकटं असताना, एटीसीशी बोलायचं, चार्ट वाचायचा, हवामान विचारायचं, इंधन मोजायचं, हे सगळं असताना विमान सरळ ठेवणारा एक मदतनीस असणं ही चैन नाही. पण तो मदतनीस काय ऐकतो आणि काय ऐकत नाही हे शिकवायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ बहुतेक वेळापत्रकांत नसतो. मला तो पावसाने दिला.

नोव्हेंबरमध्ये आकाश उघडलं. क्रॉस-कंट्रीचा एक टप्पा नाशिकवरून होता. साडेसहा हजार फूट, नॅव्ह हिरवं, उंची हिरवी. मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं हूड काढ, तुझं गाव आहे ना?" दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे चौकोन, पश्चिमेला गंगापूर धरणाचं पाणी, त्यातून निघालेली गोदावरी आणि पलीकडे अंजनेरी, ब्रह्मगिरी. शहर इतकं लहान दिसतं की पंचवटी आणि इंदिरानगर एका तळहाताखाली झाकले जातात. विमानाचं नाक मार्गापेक्षा आठ अंश उजवीकडे होतं आणि तरी आम्ही रेषेवरून तसूभर हललो नव्हतो. मी ते मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "वारा किती असेल?" मी हिशेब करून पंधरा-सोळा नॉट सांगितला. स्क्रीनवर सोळा होता. मग हूड परत डोळ्यांवर.

आयएलएस असलेल्या विमानतळावर आम्ही तीन ॲप्रोच केले. त्या स्टेशनची मोर्स खूण ऐकून ओळखली, मगच ॲप्रोचचं बटण दाबलं. "हेडिंग हिरवं, लॉक पांढरं, जीएस पांढरं." थोड्या वेळाने, "लॉक हिरवं." दहा अंश फ्लॅप, ९० नॉट. चौकोन मध्यावर आला आणि 'जीएस' हिरवं झालं, नाक खाली गेलं, मी पॉवर कमी केली. आमच्या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे ॲप्रोचवर जमिनीपासून २०० फुटांच्या खाली ऑटोपायलट ठेवता येत नाही. मी ५०० वर लाल बटण दाबलं, आवाज झाला, विमान हातात आलं. हातात आल्या क्षणी ते थोडं डावीकडे कललं, कारण ऑटोपायलट वाऱ्याशी काय करत होता ते आता मला करायचं होतं. म्हणूनच मी दोनशेची वाट बघत नाही.

दुसऱ्या वेळी लॉक हिरवं झाल्यावर मी चार्टवरची निर्णयाची उंची बघायला मान खाली घातली. मान वर केली, सुई मधोमध. पट्टी वाचली.

"रोल हिरवं! जीएस गेलं. लोकलायझर परत, ॲप्रोच परत." माझे हात शब्दांच्या बरोबर चालले. "लॉक हिरवं. जीएस पांढरं."

मॅडम बाहेर बघत होत्या. त्यांचा हात सीडीआयच्या बटणापासून अजून पुरता मागे गेला नव्हता.

तिसरा ॲप्रोच त्यांनी पूर्ण हाताने करायला लावला. सुई अर्ध्या ठिपक्याने इकडे-तिकडे होत राहिली, चौकोन एकदा खाली गेला तो मी परत आणला. उतरलो तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

रात्री काकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कळायला किती सेकंद लागले?"

"मान वर केल्यापासून तीन-चार."

"आणि मान किती वेळ खाली होती?"

ते मी मोजलं नव्हतं. तसं सांगितलं.

"पुढच्या वेळी मोज," काका म्हणाले. "पाटी कपाटावर आहे. पुसू का?"

"नको काका. आता जीपीएसवरचे ॲप्रोच सुरू होणार, त्यात जीएसच्या जागी जीपी येतं. मी दिवाळीनंतरच्या रविवारी येतेय, तेव्हा तिथूनच सुरू करू."